कोतवालाची वही

विदर्भातल्या माणसाला जुना पुरावा लागला की तो कोतवाल बुकाची नक्कल शोधत निघतो. जातीचा दाखला, वारसाचा वाद, जन्मतारखेची भानगड, काहीही असो. आजोबा-पणजोबांचे नाव त्या वहीत निघाले की घरात ईदचा चाँद दिसल्यासारखा आनंद होतो. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि नागरिक नोंदवहीची चर्चा वाढली, तेव्हा आमच्या काटोलच्या मोहल्ल्यांतूनही कागदांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांनी आयुष्यात तहसील कचेरीची पायरी चढली नव्हती असे पालक शाळेत येऊन विचारीत, ''मास्टरसाब, ये कोतवाल बुक क्या होता है?''

या वहीचे आपण सगळेच ऋणी आहोत. पण ती लिहवून घेणारा कोतवाल आणखी एक काम करीत असे. त्या कामाविषयी आमच्या लोकांत फारसे बोलले जात नाही.

मध्यप्रांतात गावोगाव कोतवाल असे. सरकारी कागदांत त्याला कोटवार म्हणत. नागपूरकडच्या खेड्यांत हा माणूस बहुधा महार समाजातला, स्वतः गावाच्या कडेला राहणारा. कोण जन्मले, कोण मेले हे तो ध्यानात ठेवी आणि ठाण्यात जाऊन नोंदवी. त्याच फेरीत तो हेही सांगे की अमुक माणूस रात्री घरी नव्हता.

हे काम तो हौसेने करीत नव्हता. त्याला तसा हुकूम होता. मध्यप्रदेश पोलीस नियमावलीतले ८५५ आणि ८५६ हे दोन नियम वाचले की सारी व्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. ज्याच्याविषयी 'हा गुन्हेगारीचे जीवन जगतो' असे पोलिसांना वाटेल, त्याच्यावर निगराणी ठेवायची. ती कशी? त्याची कीर्ती, सवयी, संगतसोबत, मिळकत, खर्च आणि धंदा यांची ठाणेदाराने वेळोवेळी चौकशी करायची. दिवसा आणि रात्री, वारंवार, पण वेळ ठरलेली नसावी अशा बेताने त्याच्या घरी जायचे. घराच्या वाटांवर गुपचूप माणूस बसवायचा. तो गावाबाहेर गेला तर पाटील, मुकद्दम आणि कोटवार यांनी खबर द्यायची, आणि जिथे गेला तिथल्या ठाण्याने तिची शहानिशा करायची. हे सारे एका कागदावर जमा करायचे. तो कागद म्हणजे हिस्ट्रीशीट, आणि ज्याचा कागद उघडला तो 'निगराणी बदमाश'. नियमावली मध्यप्रदेशाची म्हणून ती परक्या राज्याची समजू नये. मुकद्दम आणि कोटवार हे शब्दच सांगतात की तिची भाषा जुन्या मध्यप्रांताची आहे. आणि काटोल १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते.

या भागात माणसांच्या अशा नोंदी ठेवण्याची परंपरा तर त्याहून जुनी. जबलपुरात बसून कर्नल स्लीमनने ठगांच्या वंशावळी तयार करविल्या. कोणाचा बाप कोण, मेहुणा कोण, कोण कोणाबरोबर निघाला, अशी जाळी त्याने माफीच्या साक्षीदारांकडून विणून घेतली. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरविला. कोणता खून कोणी केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठगांविषयी कोणाला कळवळा वाटण्याचे कारण नाही. मात्र माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाचा कोण आहे यावर त्याला तोलण्याची रीत इथे पक्की झाली, असे आम्हाला वाटते.

पुढची पायरी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ साली देशभर लागू करता येईल असा करण्यात आला. जमात एकदा यादीत आली की तिच्यातल्या माणसांची नोंद, हजेरी, गाव सोडायला परवाना. जन्माला आलेले मूलही त्या यादीच्या छायेत वाढे. पारधी, कैकाडी, रामोशी, बेरड, कंजारभाट ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. आमच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की त्या काळी अशा जमातींत छप्परबंदही होते. छपरे शाकारणारे हे मुसलमान. खोटी नाणी पाडतात असा सबंध बिरादरीवर ठपका. मुंबई इलाख्यात त्यांना वसाहतीत डांबले गेले. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आजही आहेत. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा झाला. जातीच्या जागी आता व्यक्तीचे नाव आले हे खरे, तरी नोंदवहीचे रकाने साधारण तेच राहिले.

सराईवरून आठवले. १८६७ साली सरायांचा कायदा झाला. सराय चालवणाऱ्याने सरकारकडे नोंद करायची आणि दंडाधिकाऱ्याने मागितल्यास उतरलेल्या माणसांचा अहवाल द्यायचा. म्हणजे वाटसरूवर लक्ष ठेवण्याचे काम यजमानावर सोपविले. आजच्या लॉजमधली वही आणि भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश हे त्याच घराण्यातले. भाडेकरूंबाबतचे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे आणि दंडाधिकाऱ्याचा असा आदेश दोन महिन्यांहून जास्त टिकत नाही. राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकते, त्यापुढे नाही. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत आदेशाची मुदत संपली की दुसरा निघतो. काटोलसारख्या गावात संत्र्याच्या तोडणीला, बाजाराला बाहेरची माणसे येतातच. खोली देणाऱ्याने कागद पाहावेत यात गैर काही नाही. मात्र ''नाव ऐकून खोली नाही म्हणाले'' हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. नागपुरात शिकायला गेलेल्या मुलांचे हे अनुभव. आदेशात धर्माचा शब्द नसतो. तो घरमालकाच्या डोक्यात असतो, आणि आदेश त्याला सबब पुरवतो.

इथे एक गोष्ट अभिमानाने आणि थोड्या खिन्नतेने सांगायची. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिची गणिती मांडणी कलकत्त्याच्या पोलीस खात्यातल्या अझीझुल हक यांनी हेमचंद्र बोस यांच्या जोडीने केली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. पद्धतीला नाव मात्र पडले साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे. हक यांना मागाहून खानबहादूर किताब मिळाला. आम्ही वर्गात हा किस्सा सांगितला की मुले टाळ्या वाजवतात. कैद्यांचे ठसे व छायाचित्रे घेण्याचा कायदा १९२० साली झाला. त्याच्या जागी आलेल्या २०२२ च्या कायद्याने बुबुळे, सही, वागणुकीच्या खुणा अशी बरीच भर घातली आणि ही माहिती ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद केली. खटला न चालता किंवा निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसायची, असेही त्यात आहे. पण त्याच्यावर आधीची शिक्षा नसेल तर, आणि न्यायालयाने वा दंडाधिकाऱ्याने कारणे देऊन उलट सांगितले नसेल तर.

आता आमच्याच प्रांताचा एक कायदा पाहू. १९४६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात 'गुंडा कायदा' झाला. गडबडीच्या काळात जिल्हादंडाधिकारी एखाद्याला गुंड समजून जिल्ह्याबाहेर घालवू शके. गुंड म्हणजे कोण? कायद्याने सांगितले ते असे, की दांडगा, उनाड, भटका माणूस, आणि शिवाय जो सार्वजनिक शांततेला धोकादायक आहे तो. या चौकटीत कोणाला बसवता येणार नाही? बलदेव प्रसाद नावाच्या माणसाने या कायद्याला आव्हान दिले, उच्च न्यायालयात तो जिंकला, आणि सरकारने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली फेटाळले. गुंड कोणाला म्हणायचे याची कसोटी कायद्यात नाही आणि 'मी गुंड नाही' हे दाखवण्याची संधीही नाही, असे त्याचे कारण होते. तोवर काटोल महाराष्ट्रात आले होते. पुढे इकडे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा लागू झाला, ज्याच्या ५५ ते ५७ कलमांनी तडीपारी होते. तिला दोन वर्षांची मर्यादा आहे आणि आधी नोटीस द्यावी लागते. जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीचा हुकूम रद्द करताना म्हटले की हा असाधारण उपाय आहे, तो सरसकट वापरायचा नाही.

तडीपारीत निदान नोटीस तरी येते. निगराणीत तेही नाही, आणि आमच्या मते खरी मेख इथे आहे. उत्तर प्रदेशातला खडकसिंग १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पकडला गेला, पुराव्याअभावी सुटला, तरी त्याचा हिस्ट्रीशीट उघडला गेला. गावचा चौकीदार आणि शिपाई रात्री येऊन दार ठोठावीत, हाका मारून झोपेतून उठवीत. बाहेरगावी जायचे तर कुठे आणि कधी परतणार हे सांगून जावे लागे. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीच्या भेटी सर्वांनीच घटनाबाह्य ठरविल्या. बाकीची निगराणी मात्र चौघांनी कायम ठेवली आणि खासगीपणा हा काही आपल्या घटनेतला हक्क नाही असे म्हटले. त्या चौघांत नागपूर उच्च न्यायालयातून गेलेले न्या. मुधोळकर होते. न्या. सुब्बाराव आणि न्या. शहा यांनी वेगळे मत दिले. पाळतीखालच्या रस्त्यावरून चालणारा माणूस मोकळा कसा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

गंमत पुढे आहे. उत्तर प्रदेशातला नियम पडला, कारण तो नुसता खात्याचा हुकूम होता. त्याला कायद्याचा आधार नव्हता. गोविंद नावाच्या माणसाने मध्यप्रदेशाचे ८५५-८५६ हे नियम न्यायालयात नेले, तेव्हा १९७५ साली निकाल आला की हे नियम १८६१ च्या पोलीस कायद्याखाली केलेले आहेत, म्हणून ते कायदाच आहेत. न्या. मॅथ्यू यांनी खासगीपणाचे महत्त्व ओळखले, नियम घटनेच्या अगदी कडेवर उभे आहेत असे बजावले, समाजाला खरा धोका असेल तेव्हाच ते वापरा असे सांगितले. पण रद्द केले नाहीत. म्हणजे रात्रीच्या ज्या थापेला उत्तर प्रदेशात मज्जाव झाला, ती आमच्या जुन्या प्रांताच्या भाषेत लिहिलेल्या नियमात तग धरून राहिली. १९८० साली पंजाबच्या मलकसिंग प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले. नोंद करायला वाजवी कारण हवे, निगराणी माणसाच्या इभ्रतीला धक्का लावणारी नसावी. परंतु नाव चढवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकण्याची गरज नाही, आणि रजिस्टर गुप्तच राहील.

ते रजिस्टर म्हणजे पंजाब नियमावलीतले दहा नंबरचे. आपण बोलताना एखाद्याला 'दस नंबरी' म्हणतो ते तिथून आले. उर्दू मुलखातल्या ठाण्यांत त्याचे 'बस्ता अलिफ' आणि 'बस्ता बे' असे भाग असत. ज्या शब्दाने आमची पोरे दप्तराला हाक मारतात, त्याच शब्दात ठाण्याने माणसे बांधून ठेवली!

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. आम्ही शिक्षक तिथे डोळे मिटून 'चांगली' लिहितो. ठाण्यातला रकाना कोण, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सांगण्यावरून भरतो, हे ज्याच्याविषयी भरले त्याला कळत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. चारित्र्य पडताळणीचा कागद अडतो, नोकरी अडते, पासपोर्ट अडतो. मोहल्ल्यात कोठे काही घडले की रात्री पहिली थाप त्याच्या दारावर. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुसलमान तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. दहा वर्षांनी निदान एक निकाल हाती आला. ज्याच्यावर खटलाच नाही, नुसती नोंद आहे, त्याने आरोपमुक्ती मागायची कोणत्या न्यायालयात?

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. फोन ऐकायचा तर गृहसचिवाचा लेखी हुकूम लागतो आणि तो पुनर्विलोकन समितीपुढे ठेवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घालून दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली एका उद्योजकाच्या फोनबाबतचे असे तीन हुकूम रद्दही केले. डिसेंबर २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात राज्याचे गृहमंत्री आमच्या काटोलचे आमदार अनिल देशमुख होते. निवडणुकीच्या सुमारास नेत्यांचे फोन ऐकले गेल्याच्या आरोपाची चौकशी त्यांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीर केली. पुढचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे, ते इथे नको. सांगायचे इतकेच की फोनसाठी सचिवाची सही आणि समिती आहे. हिस्ट्रीशीटवर मात्र पोलीस खात्याबाहेरचा एकही डोळा नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि खडकसिंगच्या निकालातले उलट म्हणणे रद्द केले. या पीठावर नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. त्यांनी आपले स्वतंत्र निकालपत्र जोडले. यापुढे सरकारला कोणाच्या खासगी आयुष्यात शिरायचे तर कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि हेतूच्या मानाने उपाय जास्त नको. न्या. सुब्बारावांचे म्हणणे खरे ठरायला ५५ वर्षे लागली.

पण तोवर कोतवाल बदलला होता. नागपुरात सुमारे ७०० चौकांत साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे लागले. २०२४ साली राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली, तीही नागपुरात. चौकातला कॅमेरा चोर पकडून देतो, अपघात करून पळालेली गाडी शोधून देतो, आणि हरवलेली म्हातारी घरी पोचवतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की २०१७ ची पहिली अट, म्हणजे कायदा, कुठे आहे? चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासाठी वेगळा कायदा देशात नाही. २०१६ साली महाराष्ट्रात अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा निघाला होता. लोक जमतात त्या जागांच्या मालकांनी स्वखर्चाने कॅमेरे लावावेत अशी त्यात तरतूद होती. टीका झाली, मसुदा बाजूला पडला. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा आला खरा, पण त्याच्या सतराव्या कलमाने केंद्र सरकारला आपल्या संस्था त्यातून वगळण्याची मोकळीक दिली. हैदराबादेत २०२१ साली सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना रस्त्यात थांबवून पोलिसांनी त्यांचा फोटो घेतला. पुढे ते तेलंगण उच्च न्यायालयात गेले. हा फोटो कोणत्या कायद्याने घेतला, एवढाच त्यांचा साधा प्रश्न. १९६२ साली खडकसिंगने हेच विचारले होते.

इथपर्यंत वाचून आमचे काही वाचक माना डोलावतील. त्यांना थोडे कडू लागेल असेही लिहायला हवे. तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याची टेहळणी, सूरह हुजुरातने मना केलेली आहे, आणि परवानगी व सलामाशिवाय घरात शिरू नये हे सूरह नूरमध्ये आहे. हजरत उमर (रजि.) यांची रिवायत आपण वाजांत ऐकतो. रात्री भिंत चढून त्यांनी एका माणसाला दारू पिताना पकडले. तो म्हणाला, मी एक हुकूम मोडला, आपण तीन मोडले. टेहळणी केली, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगी घेतली नाहीत. खलिफांनी त्याला सोडून दिले. ही कथा सांगून घरी गेलेला माणूस मुलीचा मोबाईल तपासतो, सुनेच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून कॅमेरा लावतो आणि शेजारणीकडे कोण आले याची खबर चौकात पुरवतो. एकत्र राहत्या घरातल्या अशा कॅमेऱ्यांवरून कोलकात्यातला घरगुती वाद २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय असे कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत, हा उच्च न्यायालयाचा निर्णय तिथे कायम राहिला. ज्याला ठाण्याचा बस्ता खुपतो त्याने घरातला बस्ताही उघडून पाहावा, असे आम्ही पालक सभेत एकदा बोललो. सभा लवकर आटोपली.

हिस्ट्रीशीटबाबत मे २०२४ मध्ये एक पाऊल पडले. दिल्लीचे आमदार अमानतुल्लाह खान यांचे नाव तिथल्या ठाण्याने 'बंडल ए'मध्ये, म्हणजे जुन्या बस्ता अलिफात, चढवले होते आणि त्यात पत्नीचा व अल्पवयीन मुलांचाही उल्लेख होता. सर्वोच्च न्यायालयाने मुलांची नावे अशी येऊ नयेत हे तर सांगितलेच. शिवाय आपणहून सर्व राज्यांना विचार करायला लावला की मागास, आदिवासी आणि दुर्बल समाजांतल्या निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहाने या नोंदींत जात नाहीत ना, याची तपासणी वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी करावी. नोंद ज्याच्याविषयी आहे त्याला ती दाखवावी, असे मात्र या निकालानेही म्हटलेले नाही. कोतवाल बुकाची नक्कल अर्ज करून मिळते. निगराणीच्या कागदाची मिळत नाही.

दुसरीकडे, डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात त्याच न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात आणि फाटकावर कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. चित्रण १८ महिने ठेवायचे, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. कोठडीत मारहाण झाली तर पीडिताला ते मागता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडीमृत्यूंची बातमी वाचून न्यायालयाने पुन्हा आपणहून दखल घेतली आणि ठाण्यांतले कॅमेरे बंद का आहेत, हे विचारले.